पाखऱ्या

दिलसुखनगर आणि घोडा हे दोन शब्द एका वाक्यात आणले, तर आजच्या वाचकांना ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. डोक्यावरून मेट्रो, खाली बसगाड्यांची रांग, दुतर्फा कापडाची व सोन्याचांदीची दुकाने आणि मधल्या बोळांतून शिकवणीच्या वर्गांकडे धावणारी मुले, असे हे आमचे उपनगर. जेथे माणसाला रस्ता ओलांडायला सवड मिळत नाही, तेथे घोड्याला कोण विचारतो? परंतु वाचकहो, याच दिलसुखनगरात आम्ही एका शिंगराला खोगिराची सवय लावली आहे, त्याच्या पाठीवर बसून सरूरनगरच्या तलावाची पाळ पहाटेच्या धुक्यात पार केली आहे, आणि त्याच्या पाठीवरून खाली येऊन गळपट्टीचे हाडही मोडून घेतले आहे. त्या हाडाचे दुखणे केव्हाच सरले. दुसरे एक दुखणे मात्र अद्याप सरलेले नाही, आणि ते सांगावे म्हणूनच आज हे लिहावयास घेतले आहे.

तसे पाहिले तर मूसीच्या दक्षिणेकडच्या या भागाला घोड्याची टाप अपरिचित नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली शर्यतीचे मैदान मौला अलीहून मलकपेटेस आणले. मलकपेटेला लागून असलेली, दिलसुखराम नावाच्या जहागीरदारांच्या नावाने ओळखली जाणारी ही जमीन आमच्या लहानपणापर्यंत बरीचशी मोकळीच होती. सरूरनगरपलीकडे, कर्मनघाटच्या मारुतीच्या वाटेवर, अनाबेशाही द्राक्षांचे मांडव होते, भाताची खाचरे होती, आणि त्यांच्यामधून बैलगाडीच्या चाकोऱ्या गेलेल्या होत्या. मलकपेटच्या तबेल्यांतून नोकरी करून थकलेले मोतद्दार आमच्या गल्लीत राहत असत. नाल ठोकण्याचा आवाज ऐकून आम्ही शाळेतून येताना वाट वाकडी करून थांबत असू.

आमचे घराणे मूळचे नांदेडकडचे. आजोबा निजामी अमदानीत नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेस आले आणि येथलेच झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि देव एका राज्यात, देव्हारा दुसऱ्या राज्यात, अशी जी अनेक मराठी कुटुंबांची स्थिती झाली, तीच आमचीही झाली. त्यामुळे मार्गशीर्षातली माळेगावची यात्रा हा आमच्या घरी वर्षातून एकदा गावाकडे जाण्याचा आधार होता. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा केवढा मोठा बाजार भरतो, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगावयास नको. त्या बाजारातच १९७८ च्या यात्रेत आमच्या काकांनी पाखऱ्याला विकत घेतले.

काकांची सारी उमेद शहराच्या घोडेस्वार पोलिसांत, गोशामहालच्या पागेत गेली होती. १९७६ साली ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. ज्या माणसाला तीस वर्षे पहाटे चार वाजता खरारा हातात घ्यावयाची सवय, तो माणूस पहाटे चारला उठून ओसरीवर नुसता बसून राहू लागला. वडिलांना ते पाहवेना. ‘यात्रेला चला, देवदर्शन होईल,’ असे म्हणून त्यांनी काकांना बळेच माळेगावास नेले. देवदर्शन झालेच, पण परतताना काकांच्या हातात एका शिंगराची दोरी होती. वडील कपाळाला हात लावून म्हणाले, ‘अरे, हे काय?’ काका म्हणाले, ‘बाराशे रुपये.’ जणू वडिलांनी किंमतच विचारली होती!

ते शिंगरू कुमेत रंगाचे, कपाळावर बोटभर पांढरा टिळा असलेले, अंगाने किरकोळ होते. त्याच्या छातीवर देवमण होता म्हणून विकणाऱ्याने भाव वाढवून सांगितला होता. काकांनी देवमण पाहिला नाही. त्यांनी ओठ उचलून दात पाहिले. मधले दोन दुधाचे दात नुकतेच पडून तेथे पक्के दात डोकावत होते. ‘अडीच वर्षांचा,’ ते म्हणाले. साडेतीनला पुढची जोडी, साडेचारला तिसरी, असा हा दातांचा हिशेब असतो, हे आम्हास तेव्हा कळले. आम्ही २४ वर्षांचे होतो, बँकेत कारकून होतो, आणि घोड्याविषयीचे आमचे ज्ञान शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकापलीकडे गेलेले नव्हते.

पहिला धडा नांदेडलाच मिळाला. हैदराबादेस रिकाम्या जाणाऱ्या एका ट्रकमध्ये पाखऱ्याला चढवावयाचे होते. फळीवर पाय ठेवताच ती वाजली आणि तो मागे सरला. क्लीनर आणि दोन हमाल मागून काठ्या घेऊन सरसावले. काकांनी त्यांना हाताने थोपविले, दोरी सैल सोडली आणि फळीवर स्वतःच मांडी घालून बसले. शिंगरू फळी हुंगी, मागे जाई, पुन्हा येई. ड्रायव्हरने दोन वेळा चहा घेतला, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या. दोन तासांनी पाखऱ्याने आपण होऊन पुढचे दोन्ही पाय फळीवर ठेवले, तेव्हा काकांनी त्याला पुढे ओढले नाही. उलट खाली उतरू दिले! मग मात्र तिसऱ्या खेपेस तो त्यांच्या मागोमाग ट्रकमध्ये असा गेला, की जणू रोजचीच वाट. काकांनी आमच्याकडे वळून एवढेच सांगितले, ‘दोरी ओढल्यानं तो शिकत नाही. दोरी सैल सोडल्यावर शिकतो.’

घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे छप्पर घालून त्याची सोय झाली. सरकारी दवाखान्यात नेऊन त्याला आख्ता करून आणले. मग संपूर्ण एक वर्ष त्याच्या पाठीवर कोणी बसले नाही. आम्हास याचे फार आश्चर्य वाटे, कारण शर्यतीच्या जगात दोन वर्षांचे घोडे धावतात हे आम्ही ऐकून होतो. काका म्हणत, ‘पायाचं हाड लवकर पिकतं, पाठीचा कणा पाच वर्षं ओलांडल्यावर. ज्याला घाई आहे त्यानं सायकल घ्यावी.’ आज पशुवैद्यकही हेच सांगते. घोड्याच्या कण्याची वाढ पुरी होण्यास साधारण साडेपाच वर्षे लागतात, आणि पाठीचे ओझे हळूहळूच वाढवावे लागते.

त्या वर्षात जे घडले ते बाहेरच्याला दिसण्यासारखे नव्हते. रोज पहाटे खरारा. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, पोटाखाली, कानांमागे हात फिरविणे. चारही पाय एकेक करून उचलून खूर साफ करणे. अंगावर पोते टाकणे आणि काढणे, टाकणे आणि काढणे. मग लांब दोरीवर गोल फिरविणे, ज्यास कावा म्हणतात. उजवीकडून तितकेच, डावीकडून तितकेच. काकांच्या शब्दकोशात त्याच्यासाठी मोजके शब्द होते. ‘चल’ म्हणजे चालणे, जिभेच्या टिचकीने दुडकी, आणि खालच्या पट्टीतला लांबवलेला ‘होऽऽ’. या शेवटच्या शब्दाचा अर्थ नुसता ‘थांब’ असा नव्हता. ‘थांब, बघ, मी आहे,’ असा त्याचा विस्तृत अर्थ होता, आणि तो अर्थ त्या जनावराच्या अंगात मुरावा म्हणून काका तो शब्द कधीही वाया घालवीत नसत. रागाने तर कधीच नाही.

हे शास्त्र किती जुने आहे, याची कल्पना आम्हास पुढे वाचनातून आली. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती लोकांचे मातीचे लेख सापडले. त्यांत किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाने रथाचे घोडे सहा-सात महिन्यांत कसे तयार करावेत, हे दिवसावार लिहून ठेवलेले आहे. काळ इसवी सनापूर्वीचे चौदावे शतक. आणि त्यात फेऱ्यांची जी नावे येतात, ती ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न अशी आहेत! एक, तीन, पाच, सात अशी आवर्तने मोजणारा तो परदेशी मोतद्दार आपल्याच भाषाकुळातले शब्द उच्चारीत होता. आमच्या परसात काका ‘पाच फेरे झाले, आता दिशा बदल’ म्हणत, तेव्हा साडेतीन हजार वर्षांची एक परंपरा दिलसुखनगरात चालू होती म्हणावयाची. याहून जवळचे उदाहरण कल्याणीचे. बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणास राजधानी असलेल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये घोड्यांच्या खेळासही त्याने मानाचे स्थान दिले आहे.

१९८० च्या आरंभी जुमेरात बाजारातून एक जुने खोगीर आणले. ते आठ दिवस नुसते पाखऱ्यासमोर ठेवले होते. मग पाठीवर, तंग न आवळता. मग तंग एका भोकाने, मग दोन भोकांनी. मग खोगिरावर वाळूची पिशवी. काकांचा गुडघा कामातून गेलेला, म्हणून पाखऱ्यावर बसण्याची पाळी आमच्यावर आली. आमची निवड कोणत्याही गुणावरून झाली नव्हती. घरात सर्वांत हलके आम्हीच, वजन ५२ किलो. जुन्या मराठी फौजांत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद असे. काका हसून म्हणत, ‘तू आमचा बारगीर.’

परसातला घोडा आणि वाटेवरचा घोडा हे दोन वेगळे प्राणी असतात. परसात शहाण्यासारखा वागणारा पाखऱ्या फाटकाबाहेर पडला की प्रत्येक पावलाला एक शंका काढी. म्हणून काकांनी शेजारच्या एका टांगेवाल्या चाचांना त्यांच्या म्हाताऱ्या घोडीसह सोबतीस घेतले. ती घोडी पुढे, आम्ही मागे. घोडी ज्याला भीत नाही त्याला भिण्याचे कारण नाही, एवढे शिंगराला कळते. सरूरनगरच्या पाळीवर धोब्यांनी वाळत घातलेली धोतरे, वाऱ्याने फडफडणारे पोते, रंग दिलेला मैलाचा दगड, डबक्यात लखकन चमकलेले आभाळ, म्हशीचे रेडकू, या प्रत्येकापाशी तो बुजे. मान उंच, नाकपुड्या फुगलेल्या, पोटाखाली ढोल वाजावा तसे त्याचे काळीज आम्हास मांड्यांना जाणवे. चाचा पुढून ओरडत, ‘लगाम नक्को खेंचो, मियाँ! सोचने कू टैम देव उसकू!’

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. दिसत नाही ते नेमके नाकासमोरचे आणि शेपटीमागचे. शिकार होऊन जगलेल्या जातीला निसर्गाने हे दिले आहे. त्यामुळे आपल्याला जो साधा दगड, तो त्याला दबा धरून बसलेला वाघ वाटू शकतो. आणखी गंमत अशी की, जाताना डाव्या हाताला पाहिलेला दगड परतताना उजव्या हाताला आला की पाखऱ्या पुन्हा बुजे, जणू तो दगड नवाच. काका म्हणत, ‘प्रत्येक वाट दोन वाटा असतात. जायची एक, यायची एक. दोन्ही शिकवाव्या लागतात.’

आणि कान! घोड्याचे मन वाचावयाचे तर त्याचे कान पाहावेत, हे आम्ही पाखऱ्यावर बसून शिकलो. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. दोन्ही पुढे ताठ, म्हणजे समोर काहीतरी आहे. दोन्ही मागे चिकटलेले, म्हणजे राग. परंतु भिण्यासारखे काही समोर असताना एक कान पुढे आणि एक कान मागे, आपल्याकडे वळला, तर समजावे की तो विचारतो आहे. ‘हे काय आहे? काय करू?’ त्या क्षणी आपण ‘होऽऽ’ म्हणावयाचे आणि हात सैल सोडावयाचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात विजयवाड्याच्या रस्त्यालगत एका ट्रकचे टायर फुटले. पाखऱ्या जागच्या जागी थरारला, पण पळाला नाही. त्याचा डावा कान आमच्याकडे वळला. आजवर आम्हास अनेक लहानमोठे मान मिळाले असतील, पण त्या कानाने दिला तेवढा मान कोणी दिला नाही.

याच मानाने आमचे डोके फिरले असावे. ऑगस्टातली गोष्ट. चाचा आजारी, म्हणून घोडी नव्हती. काका म्हणाले, ‘पाळीपर्यंत जा आणि परत ये.’ आम्ही मात्र कर्मनघाटच्या वाटेने पुढे गेलो. रात्री पाऊस पडून गेला होता. वाटेत एक ओहोळ एरवी कोरडा असे, तो त्या दिवशी गढूळ पाण्याने गुडघाभर वाहत होता. पाखऱ्या काठावर थांबला. गढूळ पाण्याचा तळ त्याला दिसत नव्हता, आणि पाऊल कोठे पडेल हे न कळता पाऊल टाकणे त्याच्या रक्तात नाही. एक कान पुढे होता, एक मागे. तो विचारीत होता. परंतु आम्हास दहा वाजता बँकेत पोहोचावयाचे होते. पलीकडच्या बांधावर दोन शेतकरी उभे राहून पाहत होते, आणि त्यांच्यापैकी एक हसला. आम्ही टाच मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. मग बाभळीची फांदी ओढून घेतली आणि पुठ्ठ्यावर तीनदा, जोराने ओढली.

तो गेला. पाण्यातून नव्हे, पाण्यावरून. एवढी मोठी उडी त्याने मारली की आम्ही मध्येच सुटलो आणि पलीकडच्या दगडांवर खांद्याने आदळलो. पाखऱ्या लगाम लोंबकळत घरी पोहोचला. आम्ही त्याच्यामागून, एका शेतकऱ्याच्या गाडीत.

सहा आठवडे हात गळ्यात होता. काका रोज संध्याकाळी येऊन बसत. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांचे न बोलणे हाडापेक्षा अधिक दुखे. शेवटी आम्हीच म्हणालो, ‘काका, तो पाण्याला फार घाबरतो हो.’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘आधी त्याला पाण्याची भीती होती. आता पाण्याची आणि तुझी, अशा दोन भीती आहेत. पहिली मी काढू शकेन. दुसरी तुलाच काढावी लागेल.’

पुष्कळ वर्षांनी ग्रीक लेखक झेनोफोन याच्या अश्वविद्येवरील ग्रंथाचा परिचय झाला, तेव्हा आम्ही चमकलो. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, आणि ज्या वस्तूला तो भितो तिच्याकडे मारून नेऊ नये, कारण मार लागला की तो त्या वस्तूलाच दुःखाचे कारण समजतो, असे त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. झेनोफोन काकांनी वाचला नव्हता. गोशामहालच्या घोड्यांनी तो त्यांना सांगितला असावा.

दुसरी भीती काढावयास आम्हास दिवाळीपर्यंतचे दिवस लागले. हात सुटल्यावर आम्ही बसत नसू, लगाम धरून त्याच्यासह चालत असू. ओहोळापाशी जात असू आणि काहीच करीत नसू. काकांनी सांगितले होते, ‘तिथं बस आणि डबा खा.’ रविवारी सकाळी आम्ही ओहोळाच्या काठी बसून पोळीभाजी खाई, चाचांची घोडी पाण्यात उभी राहून पाणी पिई, आणि पाखऱ्या दोरीच्या टोकाला, शक्य तेवढ्या दूर उभा राही. प्रथम प्रथम आम्ही हात उचलला तरी तो मान झटकी. ते पाहून पोळी घशाखाली उतरत नसे. आठवड्यागणिक दोरी सैल होत गेली. कार्तिकातल्या एका सकाळी, पाणी ओसरून नितळ झाले होते, आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो होतो, आणि आमच्या खांद्यावर, मोडलेल्या त्याच खांद्यावर, ऊन श्वास आला. पाखऱ्या मान खाली घालून आमच्या पायांशेजारी पाणी पीत होता. आम्ही हललो नाही. घरी येऊन काकांना सांगितले. त्यांनी त्या दिवशी प्रथमच आम्हास विचारले, ‘बारगीर, चहा घेणार?’

पुढची तीन वर्षे सुखाची गेली. पाखऱ्या दिलसुखनगरातल्या मुलांचा लाडका झाला. मारुतीच्या दर्शनास जाणाऱ्या बायका त्याला गूळ देत. परंतु घरामागची मोकळी जागा आमची नव्हती, भाड्याची होती, आणि वस्ती झपाट्याने वाढत होती. १९८४ साली जागेच्या मालकांनी घर बांधावयास काढले. त्याच वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला, आणि आमची बदली वरंगळास झाली. तीन गोष्टी एकदम आल्या. घोडा विकण्याचे ठरले. काका बिछान्यावरून म्हणाले, ‘तूच बघ. पण माणूस बघून दे.’

आम्ही माणूस पाहिला नाही, वाचकहो. आम्ही तारीख पाहिली. बदलीच्या जागी हजर होण्यास चार दिवस होते. इब्राहिमपटणमकडचा एक गृहस्थ तीन हजार रुपये घेऊन आला. शेतावर फेरी मारावयास घोडा हवा, असे म्हणाला. आम्ही नोटा मोजून घेतल्या आणि दोरी हातात दिली. संध्याकाळी काकांनी विचारले, ‘त्याला शब्द सांगितलास ना? तो होऽऽ कसा म्हणायचा ते?’ आम्ही ‘हो’ म्हणालो. खरे तर आम्ही काहीच सांगितले नव्हते. ते आम्हास सुचलेच नाही.

१९८८ च्या मे महिन्यात रजेवर घरी आलो असताना, रात्री दहाच्या सुमारास मलकपेटकडून एक वरात आली. पुढे बँडवाले, दोन्ही बाजूंना डोक्यांवर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, मध्ये आतषबाजी. नवरदेवाच्या घोड्याला आरशांची झूल, डोळ्यांवर झालरी. कपाळावरच्या गोंड्याखाली बोटभर पांढरा टिळा. त्याच्या पायांशी फटाक्यांची माळ लावली गेली आणि तो जागचा हलला नाही. आम्ही गर्दीतून त्याच्या बाजूस गेलो. त्याचे दोन्ही कान पुढे नव्हते की मागे नव्हते. ते दोन्ही बाजूंना ढिले पडले होते, वाळलेल्या पानांसारखे. दोरी धरणारा पोरगा अभिमानाने म्हणाला, ‘बहोत शरीफ जानवर है साब. कुछ बी फूटो, हिलताच नहीं.’

आम्ही हलकेच म्हणालो, ‘होऽऽ, पाखऱ्या.’ बँडच्या आवाजात तो शब्द आमचा आम्हालाही धड ऐकू आला नाही. परंतु त्याचा डावा कान उठला आणि आमच्याकडे वळला. क्षणभर तसाच राहिला. मग वरात पुढे सरकली.

विकत परत घ्यावा, तर ठेवावयाचा कोठे? वरंगळास दोन खोल्यांत संसार, येथे परसात तीन मजल्यांचे घर उभे. ही कारणे तेव्हाही खरी होती आणि आजही आहेत. त्यांनी समाधान मात्र झाले नाही. त्या रात्री काकांच्या बिछान्याशी बसून आम्ही सर्व सांगितले, चार वर्षांपूर्वीचे खोटेही सांगितले. बोलणे त्यांना जड जात असे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘भिऊ नको, असं आपण त्याला कधी शिकवलं नव्हतं. भ्यालास तर माझ्याकडं बघ, एवढंच शिकवलं होतं. आता त्याला बघायला कुणी नाही. म्हणून तो हलत नाही.’

अमेरिकेतल्या मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या शास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. ज्या त्रासातून काही केल्या सुटका नाही असा अनुभव प्राण्याला वारंवार आला, तर पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही तो धडपडत नाही, असे त्यांना आढळले. बाहेरून पाहणाऱ्यास ती शांतता वाटते. शरीफ जनावर वाटते. परंतु विश्वासाने स्थिर उभे राहणे आणि आशा सोडून स्थिर उभे राहणे, या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर फक्त कानांत दिसते. आमच्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांतही ‘अगदी हलत नाही’ म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांच्याकडे पाहताना आम्हास ती रात्र आठवते.

काका पुढच्या वर्षी गेले. पाखऱ्या पुन्हा दिसला नाही. २४ सप्टेंबर २०१८ रोजी अमीरपेट ते एल. बी. नगर मेट्रो सुरू झाली आणि जेथून आम्ही पहाटे दुडक्या चालीने जात असू, त्या रस्त्यावर आता मोठमोठ्या खांबांची ओळ आहे. कर्मनघाटच्या वाटेवरचा तो ओहोळ कोणत्या इमारतीखाली गेला, ते आम्हास शोधूनही सापडत नाही.

लग्नसराईत मात्र अजूनही एखादी वरात आमच्या गल्लीवरून जाते. तेव्हा आम्ही काठी टेकीत खाली उतरतो. समोरून नाही आणि मागूनही नाही, घोड्याला दिसेल अशा बेताने बाजूने जाऊन उभे राहतो, आणि खालच्या पट्टीत तो एक शब्द म्हणतो. सूनबाई म्हणतात, ‘बाबा, लोक हसतात हो!’ हसोत. हसणाऱ्याकडे पाहून आम्ही एकदा फांदी उचलली होती. बहुतेक घोडी काहीच करीत नाहीत. कधीतरी एखादीचा कान वळतो.